मुशीपेक्षा पापलेट जवळचं

आमच्या शाळेच्या समुद्राकडच्या भिंतीवर मी प्राण्यांचा वंशवृक्ष रंगवला, तेव्हा चौलपासून नागावपर्यंतची झाडून सगळी माणसं तो बघायला आली होती. बरं, सगळी नाही आली. पण रस्त्यानं जाणारी एक म्हैस थांबली, हे मी स्वतः पाहिलंय. आठ दिवस शिडीवर होतो. खाली खोड, वर फांद्या, फांद्यांच्या टोकांना प्राणी. डावीकडे मुशी, म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचा छोटा शार्क. तिच्या शेजारी पापलेट, मग बेडूक, पाल, गाय आणि पार उजवीकडे माणूस. माणूस इतका देखणा उतरला होता की कुणी विचारायच्या आतच मी सांगून टाकायचो, हा मी नव्हे.

शाळा समितीच्या अध्यक्ष म्हणजे मासळी विकणाऱ्या मावशी. बाजारात पहिला ओटा त्यांचा, समितीत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि कल्ले उघडून मासळी तपासावी तशी भिंत तपासली.

"मुशी न् पापलेट शेजारी काढलंत मास्तर, ते बरोबर हाय. दोन्ही मासेच."

मला गप्प बसता आलं असतं. पण तशी सवय नाही. "मावशी, पापलेट मुशीपेक्षा तुम्हाला जवळचं आहे."

"म्हणजे मी रोज सोयऱ्यांना कापते?"

"लांबच्या."

"मग चित्रात ते मुशीला का चिकटलंय? आणि माणूस पार गावाबाहेर. पोरांनी समजायचं काय? शनिवारी सभा हाय. समितीला पटवा, न्हायतर भिंतीला चुना."

राग आला, आणि जास्त राग याचा की बाई बरोबर बोलत होती. त्याच दिवशी मी सातवीला विचारलं, पापलेटाचं जवळचं नातलग कोण? चाळीस बोटं मुशीवर. माणूस टोकाला का? तर म्हणे, पहिला नंबर. वीस वर्षं मी हा वृक्ष शिकवत होतो आणि वीस वर्षं पोरं तो ओट्यावर मांडलेल्या मासळीसारखा डावीकडून उजवीकडे वाचत होती. मी ठरवलं, चुना लागलाच तर तो आधी मला लावावा लागेल.

दोन दिवस फळ्यावर नाती दाखवणारे बाण काढले, पुसले. शुक्रवारी दुपारी किनाऱ्यावर गेलो. तिथं बांबूंवर बोंबील वाळत होते आणि कुणीतरी एक काठी दोरीनं मध्यावर बांधून दोन्ही टोकांना मासे अडकवले होते. वाऱ्यानं काठी फिरे, मासे जागा बदलत, गाठ मात्र जागच्या जागी. मी तिथून पळत सुटलो. इतका जोरात, की मांडव्याच्या बोटीलाही मला गाठता आलं नसतं.

शनिवारी सभा भरली ती शाळेच्या बदामाखाली. फांदीला एक लांब काठी टांगली. तिच्या एका टोकाला सुकवलेली मुशी. दुसऱ्या टोकाला दोरी, दोरीला छोटी काठी, आणि छोट्या काठीला एकीकडे पुठ्ठ्याचं पापलेट (खरं टांगण्याइतका माझा पगार नाही), दुसरीकडे माझा ओळखपत्राचा फोटो.

वारा आला. छोटी काठी फिरली आणि माझा फोटो मुशीशेजारी जाऊन थांबला.

"मास्तर मुशीला लागले," एक सदस्य म्हणाले. सगळे हसले. पुन्हा वारा. आता पापलेट मुशीशेजारी.

"हे भिंतीवरचंच झाड, उलटं टांगलेलं. गाठ बघा," मी म्हणालो. "पापलेट आणि मी एका गाठीला. ती गाठ म्हणजे आमचा दोघांचा पूर्वज. मुशीकडे जायचं तर आम्हा दोघांनाही त्याहून जुन्या, वरच्या गाठीपर्यंत चढावं लागतं."

मावशींनी छोटी काठी बोटानं फिरवून बघितली.

"बाजारात माझ्या मांडीला मांडी लावून बसते," त्या सावकाश म्हणाल्या, "ती ना नात्याची ना गोत्याची. माझी सख्खी बहीण बसते पार नळापाशी. नऊ वर्षं बोलत न्हाय. जागा बदलली म्हणून आई बदलते व्हय?"

वीस वर्षांत हे मला एका दमात सांगता आलं नव्हतं.

"म्हणजे माणूस पापलेटापासून झाला?" त्याच सदस्यांनी विचारलं.

"मी काय माझ्या बहिणीच्या पोटची हाय?" मावशी म्हणाल्या. "दोघींची आई एक, एवढंच. चुना राहू द्या. पण मास्तर, माणूस टोकावरनं काढा. टोकाला बसला की त्याला वाटतं, बाजार आपलाच."

रविवारी पुन्हा शिडी. फाटे, म्हणजे भिंतीवरच्या गाठी, सगळे तेच ठेवले, टोकं तेवढी फिरवली. मुशी होती तिथंच, तिच्या शेजारी माणूस, मग गाय, पाल, बेडूक आणि पार उजवीकडे पापलेट. सोमवारी सातवीला भिंतीसमोर उभं करून तोच प्रश्न विचारला. पहिलं बोट पापलेटावर टेकलं, फांदीवरून खाली फाट्यापर्यंत उतरलं, तिथून दुसऱ्या फांदीनं वर चढत माणसापर्यंत गेलं. मुशीकडे कुणी पाहिलंही नाही.

पाटी घेऊन जाताना मावशी थांबल्या. बराच वेळ बघितलं.

"आता पटतंय," त्या म्हणाल्या. "तुमचं नाक मात्र जरा आखूड करा. मुशीला लागतंय."