झाकणावरचं लिंबू

एकदा मी एका झाकणावरची हिरवी मिरची खाल्ली आणि एका अख्ख्या साखरपुड्याचं वरण खारट झालं. मिरची काही मी चोरून खाल्ली नव्हती. हातात गरम बटाटेवडा होता, समोर पातेल्याच्या झाकणावर एक टवटवीत मिरची एकटीच पडली होती, आणि वड्याबरोबर मिरची खाणं हा नाशकात अजून तरी गुन्हा नाही. पण मी देठ टाकतोय तोवर मेवाडकडचे आचारी महाराज आले, त्यांनी झाकणाकडे पाहिलं, वरणात घसघशीत मीठ टाकलं आणि निघून गेले. पाठीमागून माझे मामेसासरे कडाडले, "जावईबापू, मिरची कुठंय?" मी प्रामाणिकपणे पोटाकडे बोट दाखवलं.

हे मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. यांच्याइतका संशयी माणूस गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. मार्केट यार्डात मेथी घ्यायची तर ढिगातली सगळ्यात खालची जुडी ओढून तिचं पान चावतील, आणि ते चांगलं निघालं तर जास्तच संशय घेतील. सख्ख्या बहिणीने दिलेला चहा आधी हुंगतील, मग पितील. आमच्या घरी आले की लगेच बेल वाजवत नाहीत. जिन्यात उभं राहून आत काय चाललंय ते ऐकतात. "आपल्याबद्दल काही निघालं असलं तर मध्येच कशाला तोडायचं?" असं म्हणतात, आणि हा ते आपला सभ्यपणा समजतात. अशा माणसाने देवाच्या दयेने एखादं कुलपांचं दुकान टाकायचं. तर यांनी टाकलं केटरिंग. त्यात माणसं गोळा केली ती अशी, की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात शिरू नये. मुख्य आचारी मेवाडचे महाराज, दोशाच्या तव्यावर मदुराईच्याही पलीकडून आलेला आण्णा, पुऱ्या लाटायला सुरगाण्याच्या बायका आणि त्यांची म्होरकी भागीबाई, मिठाईला एक बंगाली दादा. महाराज हिंदी बोलत, पण मर्जी असेल तेव्हा. आण्णाला हिंदीही नाही. मामांचं स्वतःचं हिंदी म्हणजे मोठ्या आवाजातलं मराठी.

अशा स्वयंपाकघरात "मीठ घातलं का?" या साध्या प्रश्नाला काही अर्थच उरत नाही, हे मामांनी पहिल्याच हंगामात ओळखलं. भाषा न कळणारा माणूस आधी "हां" म्हणतो. त्या "हां"चा अर्थ इतकाच, की मला काही कळलेलं नाही, पण तुम्ही चिडू नका. सगळे असे हां हां करायचे आणि भाजीत एकतर तिघांनी मीठ घातलेलं असायचं, नाहीतर कोणीच नाही. म्हणून मामांनी कायदा काढला: मीठ घालील त्याने झाकणावर हिरवी मिरची ठेवायची. मिरचीला मेवाडी नको, तमिळ नको. मिरची आहे म्हणजे मीठ आहे. कायदा इतका पक्का बसला, की तो मोडायला बाहेरून एक सुशिक्षित जावई यावा लागला.

मिठाचा प्रश्न सुटला, माणसांचा सुटला नाही. न कळणाऱ्या भाषेत कोणी हसलं की ते आपल्यालाच हसलं, याबद्दल मामांच्या मनात तिळमात्र शंका नसे. आण्णा घरी फोन लावून बोलू लागला की मामा हळूच कांद्याच्या गोणीआड जाऊन उभे राहत. एकदा तिथून धावतच माझ्याकडे आले. "ऐकलंत? माझं नाव घेतलं त्यानं. मामा म्हणाला. दोनदा!" मी म्हटलं, "मामा, तमिळमध्येही मामाला मामाच म्हणतात. त्याच्या मामाशी बोलत असेल." मामांनी डोळे बारीक केले. "असं? मग त्याच्या मामाला आपल्या धंद्यात एवढा रस कशाला?"

जगात मामांचा एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे स्वतःची जीभ. महाराज नैवेद्याआधी चाखत नाहीत, त्यांचं सगळं वासावर. त्यामुळे शेवटचा निकाल मामांचा. ते डावातला थेंब तळहातावर घेत, चाटत आणि डोळे मिटत. भट्टीचा भडका सोडला तर बाकी सगळं थांबे. मग मामांची डावी भुवई जरा उचलली गेली तर मीठ कमी, ओठ दुमडले तर आंबट जास्त, आणि नुसतं "हं" झालं तर वाढायला घ्या. कौतुक करायची पद्धत नव्हती. मेवाडपासून मदुराईपर्यंत सगळ्यांना सारखी कळणारी एकच भाषा तिथे होती, मामांचा चेहरा.

आणि मागच्या दिवाळीनंतर त्यांना ताप आला. ताप गेला, जाताना चव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, नाहीही येणार. मामांनी हे घरी सांगितलं नाही, मला सांगितलं. "तुम्हालाच का सांगतो माहितीय? तुम्ही कोणाला काही बोललात तरी कोणी खरं धरत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "जावईबापू, ज्या दिवशी ह्या लोकांना कळेल ना मालकाची जीभ गेली, त्या दिवशी हे पाणी उकळतील आणि मला कढी म्हणून सांगतील. धंदा बंद करावा लागेल. चाळीस वर्षं जिभेवर काढली, दुसरं मला काय येतं?"

बोलता बोलता मामा हातातला चहा न हुंगताच प्यायले. त्यामुळे त्यांनी पुढची योजना सांगितली तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही. योजना अशी: मी आधी चाखायचं. जावई भट्टीभट्टीवर चाखत फिरला तर कोणाला वावगं वाटत नाही, जावई त्यासाठीच असतात. मग मामा चाखायचं नाटक करणार आणि मी लांबून खूण करणार. कान खाजवला तर मीठ जास्त, चष्मा पुसला तर कमी, पोटावर हात ठेवला तर ठीक. माझ्या जिभेची योग्यता बायकोने कधीच ठरवून टाकली आहे. एका दवाखान्यातली खिचडी मी दुसऱ्यांदा मागून घेतली होती, ते ती अजून पाहुण्यांना सांगते. पण मामांपुढे इलाज नव्हता. पहिल्या एकदोन कार्यांत मी जरा गोंधळ घातला, एक रस्सा खारट झाला, पण निभलं.

आणि मग झाकणांवर लिंबं दिसायला लागली.

मिरचीशेजारी एक पिवळंधमक लिंबू. उचललं की थोड्या वेळाने दुसरं हजर. कोण ठेवतंय ते दिसेना. लिंबू आणि मिरची शेजारीशेजारी पाहिल्यावर मामांच्या डोक्यात काय आलं असेल ते सांगायला नको. "करणी," ते कुजबुजले. "पलीकडच्या काठावरचा तो केटरर आहे ना, त्यानं आपलं माणूस फोडलंय. जीभ काय आपोआप जाते?" त्यांनी लिंबं गोळा करून खिशात घालायला सुरुवात केली. प्रत्येक कार्य उरकलं की गंगेवर जाऊन पाण्यात सोडत, आणि येताना मागे वळून पाहत नसत. खरं सांगायचं तर तोवर मलाही करणीचा वास यायला लागला होता. संशयाची लागण तापापेक्षा लवकर होते.

अंबडच्या एका कारखानदाराच्या मुलीचं लग्न होतं. सगळी औद्योगिक वसाहत जेवायला. तिथे नाव गेलं की अख्ख्या नाशकात गेलं. सकाळीच मामांनी आण्णाच्या हातात लिंबू पाहिलं आणि ठरवूनच टाकलं, "आजची पंगत उठली की याचा हिशोब करायचा आणि गाडीत बसवून द्यायचा." मी मसालेभात चाखला. मला तो चांगला वाटला, पण मला सगळंच चांगलं वाटतं. मी पोटावर हात ठेवणार, इतक्यात वाफेने माझा चष्मा गच्च धुरकटला आणि मी तो पुसला. झालं! मामांनी डोळे मिटून जीभ फिरवली आणि गर्जले, "महाराज! नमक कमती है!"

महाराजांनी मामांकडे पाहिलं. झाकणावरच्या लिंबाकडे पाहिलं. "जी मालिक," म्हणत मिठाच्या डब्यात हात घातला, मूठ पातेल्यावर आणली आणि उघडली. चष्मा नुकताच पुसलेला असल्यामुळे मला अगदी स्वच्छ दिसलं: मुठीतून काहीही पडलं नाही.

मी मामांना ओढतच बाहेर टेम्पोपाशी नेलं आणि सगळं सांगितलं. मामा पांढरेफटक पडले. "म्हणजे सगळे फुटलेत," म्हणाले. "जा, त्या भागीबाईला विचारा. तिचं बोलणं तरी आपल्याला थोडं कळतं."

भागीबाई पुऱ्या लाटत होती. मी दरडावून विचारलं, "हे लिंबू कशाला ठेवता?"

"तुमच्यासाठी," ती मान वर न करता म्हणाली.

"माझ्यासाठी?"

"तुमी चष्मा पुसला का मामा मीठ टाकाया सांगं. मागं रस्सा खारट नाय झाला? तवापून आण्णा आधी चाखं. बराबर आहा त लिंबू ठेवं. लिंबू आहा त मामा काय बी सांगो, हात नाय लावायचा."

माझ्या खुणा सगळ्या भट्टीला पाठ होत्या. मी ओशाळून विचारलं, "म्हणजे मामांच्या जिभेचं तुम्हाला माहीत आहे?"

"पयल्याच दिवशी समजलं. आधी जीब चाखं न् तोंड बोलं. आता तोंड तुमच्याकं पाहं."

"पण हे ठरवलं कोणी? आण्णाला तुमची भाषा येत नाही, तुम्हाला त्याची नाही. महाराजांना कोणी सांगितलं?"

भागीबाईने पहिल्यांदा मान वर केली. मी जरा मंदच आहे अशी तिची खात्री झाली असावी. "सांगाचं काय त्यात? दिसं ना." मग पुन्हा लाटणं फिरवत म्हणाली, "मामाला नका सांगू. लाज वाटंल त्याला."

मामा टेम्पोला टेकून उभे होते. मी म्हटलं, "करणीबिरणी काही नाही, मामा. आपल्याच कामाला नजर लागू नये म्हणून ठेवतात."

"कोणाची नजर?"

"लोकांची."

मामा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मेथीची जुडी पाहावी तसे. मग आत गेले. मसालेभाताच्या झाकणावर लिंबू होतं. ते उचलायला हात पुढे गेला आणि तसाच मागे आला. पुढे कढी. तिच्यावर मिरची होती, लिंबू नव्हतं. मामांनी डाव बुडवला, थेंब तळहातावर घेण्यासाठी हात उघडला आणि थांबले. सगळी भट्टी थांबली. मामांनी डाव आण्णापुढे धरला.

आण्णाने एकदा महाराजांकडे पाहिलं. मग आपला तळहात पुढे केला, चाखलं आणि डोळे मिटले, अगदी मामांसारखे. त्याची डावी भुवई जरा उचलली गेली. मामांनी स्वतः मीठ घातलं, ढवळलं, पुन्हा डाव पुढे धरला. "हं," आण्णा म्हणाला. त्याला येणारं ते पहिलं मराठी. मामांनी खिशात हात घातला, गंगेत सोडण्यासाठी जपून ठेवलेलं लिंबू काढलं आणि झाकणावर मिरचीशेजारी ठेवलं. मी लांबून पोटावर हात ठेवून उभा होतो. माझ्याकडे कोणी पाहिलंच नाही.

आता मामा मला कार्याला बोलावत नाहीत. आण्णाच्या फोनच्या वेळी मात्र अजून गोणीआड जातात. घरी आल्यावर मी हे सगळं बायकोला सांगितलं, जरा रुसूनच; म्हटलं, इतके दिवस माझ्या जिभेवर धंदा चालला, आता कोणी विचारत नाही.

ती आधी पोटभर हसली. "तुमच्या जिभेवर? मामा संशयी आहे हो, वेडा नाहीये." मग आमटीवर झाकण ठेवता ठेवता मध्येच थांबली आणि म्हणाली, "लहानपणी आजोळी गेले की अंधार पडल्यावर मामा मला गोठ्यात घेऊन जायचा. 'चल, तुला वासरू दाखवतो,' म्हणायचा. रोज तेच वासरू. मी खूप मोठी झाल्यावर मला कळलं, त्याला अंधारात एकट्याला भीती वाटायची."