आईचं उरलंसुरलं

आईची साखर वाढली तेव्हा शहाद्याच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?"

"काहीच नही," आई म्हणाली. "उरेल-सुरेल तेवढं बस."

ती खोटं बोलत नव्हती. म्हैस होती तोवर घरातलं उरलेलं तिच्या घमेल्यात जायचं. म्हैस विकली आणि ती जागा आईने कुणालाही न विचारता भरून काढली. माझ्या वडिलांच्या, आबांच्या ताटातली खिचडी, माझी अर्धी भाकरी, वरणाचं तळ. आईच्या मते हे खाणं नव्हतंच. ती फक्त वाया जाऊ देत नव्हती.

मी घरातला पहिला पदवीधर. लोणखेड्याच्या कॉलेजात अन्नाच्या नासाडीवर भाषण करून बक्षीसही आणलं होतं. त्या दिवशीसुद्धा मी ताटात भात टाकून उठलो असणार आणि आईनेच तो संपवला असणार. रिपोर्ट हातात धरल्यावर हे डोक्यात आलं, आणि लाज वाटली.

घरी येऊन फर्मान काढलं: ज्याचं उरेल त्यानेच ते पुढच्या जेवणाला खायचं.

आबा भडकले. ताट पुसून खाणारा माणूस उपाशी घरचा दिसतो, म्हणून शेवटची मूठ सोडायचीच, असा त्यांचा जन्मभराचा नेम.

"मन्हा घरमा माले शिळं?"

"मग मायले काबर? तिले चालस का शिळं?" मी विचारलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मुठीऐवजी रागाने निम्मं ताट खिचडी तशीच सोडली.

सकाळी सवयीने आईचा हात त्या खिचडीकडे गेला. मी डोळे मोठे केले. मग तिने तेलात लसूण, लाल मिरची घालून खिचडी करकरीत परतली आणि आबांपुढे ठेवली.

"हाई काय शे?"

"तुम्हनंच शे. कालनं."

आबांनी एरंडेल घ्यावं तसा पहिला घास घेतला. दुसरा जरा सावकाश. शेवटी कढईतली खरवड बोटाने काढली आणि आईकडे डोळे वटारून पाहिलं.

"इतला वरीस तू एकलीच खात व्हती हाई?"

आई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

हल्ली तिची साखर आटोक्यात आहे, कारण तिच्या वाट्याला घासभरही उरत नाही. आबा रात्री उरलेल्या खिचडीवर झाकण आणि झाकणावर वरवंटा ठेवून झोपतात. म्हणे मांजर येतं. आमच्या घरात मांजर आलेलं मी तरी कधी पाहिलेलं नाही.