म्हातारी आणि बिनड्रायव्हरची गाडी

आमच्या फौंड्रीची भट्टी पेटली की पार शाहूपुरीतल्या दुकानांत तराजूची वजनं मऊ पडतात, असं मी सासुरवाडीला सांगत असे. शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगचा सुपरवायझर होतो. एवढं तर बोलायला लागतंच. पण त्यामुळे झालं काय, आयुष्यात एकदाच पदरचं काही न घालता खरं बोललो आणि तेच कुणाला पटेना.

दोन हजार साल उलटून गेलेलं. परदेशातल्या एका मेट्रोच्या ब्रेकचा भाग ओतायचं काम आम्हाला मिळणार होतं. विजेवर पळणारी, तीन डब्यांची आटोपशीर गाडी, आणि ड्रायव्हरच नाही! गडमुडशिंगीत सासऱ्यांच्या घरी, पुढच्या सोप्यात गावची चार माणसं बसलेली असताना मी हे सांगितलं.

"मग थांबती कशी?"

"कॉम्प्युटर थांबवतो, मामा."

"आन् म्हस आडवी आली तर?"

"रूळ पुलावर असत्यात. म्हस चढत न्हाय."

"आमची चढंल की!"

सोपा हसून हसून पडायचा राहिला. सासरे उठले. "जावईबापू, खरं निघालं तर बैलगाडीतनं हलगी लावून मिरवणूक काढतो. खोटं निघालं तर मारुतीच्या पारावर उभं ऱ्हाऊन वरडायचं, मी थापाड्या हाय म्हणून. जत्रंच्या आत."

मी "व्हय" म्हणून बसलो. बायको म्हणाली, "मला माहेरी तोंड दाखवायला जागा ठेवा म्हंजे झालं."

जत्रा आठ दिवसांवर आली आणि नमुने तपासायला परदेशातून इन्स्पेक्टर आला. त्यानं आमचे सगळे नमुने पास केले. त्याच आनंदात मी त्याला दुपारी मटण जेवायला थेट सासुरवाडीला नेलं. तांबड्या रश्श्याच्या दुसऱ्या वाटीला त्याचं तोंड आमच्या भट्टीपेक्षा लाल झालं.

"इचारा पावण्यास्नी," सासरे म्हणाले.

मी इंग्रजीत विचारलं. त्यानं मान हलवली. मी मराठीत सांगितलं, "ड्रायव्हर नसतो म्हणत्यात."

"कुस्ती बी तुमची आन् पंच बी तुमीच व्हय?"

माझा चेहरा पडलेला बघून इन्स्पेक्टरनं काय झालं ते विचारलं आणि हसत लॅपटॉप उघडला. पडद्यावर गाडी सुटली. पुढं केबिनच नाही, नुसती काच. काचेशी पिशवी घेऊन एक म्हातारी बसलेली.

"ही चालवती की!" सासरे ओरडले.

"मामा, ती संत्रं सोलतीया."

सासऱ्यांनी तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा तर नुसते म्हातारीचे हातच बघितले. संत्रं संपलं, म्हातारीनं हात पुसले, स्टेशन आलं, गाडी आपोआप थांबली.

"हाय की रं! खरंच न्हाय कोण!" त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की गोठ्यातली म्हस उठून उभी राहिली.

त्याच दिवशी चार वाजता मिरवणूक निघाली. गाडीत मी, शेजारी घामाघूम इन्स्पेक्टर, पुढं हलगी आणि मागं अख्खं गाव. सासरे कासरा धरून. घराच्या गल्लीला लागताच त्यांनी कासरा सोडला आणि हाताची घडी घालून मागं वळून बसले. बैल रोजच्या सवयीनं वळले अन् नेमके दाराशी थांबले.

सासरे गाडीतच उभे राहिले. "बघा रं! ही कमाल बैलांची न्हाय. आमच्या जावयानं ओतलेल्या ब्रेकची हाय!"

त्या गाडीला ब्रेकच नव्हता. मी मान डोलावली.