सूर्याच्या विजेवर दोन तास

माझी आत्या तारघरात होती आणि नियमाच्या बाबतीत ती देवाचंही ऐकणारी नव्हती. ऑफिसच्या पेन्सिलीने घरचा निरोप लिहायची नाही, ऑफिसच्या खिळ्याला स्वतःची छत्री अडकवायची नाही. बाबा म्हणायचे, "ताई शिंकतेसुद्धा जेवणाच्या सुट्टीत."

तिच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला, दोन दिवसांच्या प्रवासावर, एक तारमास्तर होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण यंत्रावरचा हात आवाजासारखाच ओळखू येतो. त्याचा हात शेवटच्या अक्षरावर जरा रेंगाळायचा. सात वर्षं तो रोज काम संपलं की विचारायचा, "कशा आहात?" आणि सात वर्षं आत्या कळवायची, "लाइन खासगी बोलण्यासाठी नाही."

मग ते सूर्याचं वादळ आलं. आदल्या संध्याकाळी आकाश विटेसारखं लाल झालं होतं. सकाळी तारघरातली यंत्रं आपोआप कडकडू लागली, ठिणग्या उडाल्या, एका टेबलावरचे कागद पेटले. सूर्यावरच्या वादळामुळे लांबलांबच्या तारांत वीज खेळत होती. साहेबांनी घाबरून सगळ्या बॅटऱ्या सोडवल्या, काम बंद केलं आणि लक्ष ठेवायला आत्याला एकटीला आत बसवलं.

तेवढ्यात बॅटरीशिवायच यंत्र बोललं. "कशा आहात?"

आत्याने सुटलेल्या वायरींकडे पाहिलं. ही वीज काही ऑफिसची नव्हती. आणि सूर्याने नियमावली छापल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

"बरी आहे," तिने कळवलं. "तुम्ही?"

दोन तास बोलली बया! त्याला मांजराची भीती वाटते, हिला गाता येत नाही, असलंच काहीबाही. "यंत्रापुढे एकटीच खुदुखुदु हसत होते गं," हे सांगताना म्हातारपणीही तिचे कान लाल व्हायचे. शेवटी त्याने कळवलं, "नोकरी सोडून भावाकडे परदेशी निघालोय. आज सहाची गाडी. तुम्ही हो म्हणालात तर राहतो."

आणि वीज ओसरली. साहेबांनी बॅटऱ्या जोडायला लावल्या. लाइन ठणठणीत झाली.

'हो' कळवायला दोन सेकंद पुरतात. आत्या उठली, बाहेरच्या खिडकीवर लोकांच्या रांगेत उभी राहिली, तारेच्या फॉर्मवर 'हो' लिहिलं, आत आली आणि तो कागद तुंबलेल्या तारांच्या ढिगात सर्वांत खाली ठेवला. सर्वांत शेवटी आला होता ना! मग वरून एकेक पाठवायला लागली. कुणाचं बाळंतपण, कुणाचं आजारपण, कुणाचे लाकडाचे भाव. पलीकडे तोच उतरवून घेत होता.

"माझं उत्तर?" त्याने मध्येच विचारलं.

"तारा तुंबल्या आहेत. क्रमाने येईल."

साडेपाचला पलीकडचा हात बदलला. नव्या हाताचं कुठलंच अक्षर रेंगाळत नव्हतं. ढिगात आत्याच्या फॉर्मच्या वर तेव्हा अजून अकरा तारा उरल्या होत्या. त्याही तिने क्रमानेच पाठवल्या.

मला तिचा आजही राग येतो, आणि आठवण आली की रडूही येतं. एकदा न राहवून विचारलंच, "अगं, तो कागद वर ठेवला असतास तर काय बिघडलं असतं?"

"लोकांच्या तारांना उशीर झाला असता," ती नेहमीच्या ठसक्यात म्हणाली. मग उठून आत निघाली आणि दारातून वळली.

"झाला असता तर झाला असता गं."