शालिकच्या डब्यातली माती

शालिक गेल्याची बातमी मला गाडीनंच आली. दीड महिना झाला. साकोलीच्या स्टँडवर पेपर आणायला गेलो, तर भंडाऱ्याहून आलेल्या ड्रायव्हरनं खिडकीतूनच सांगितलं, "बापू, शालिकभाऊ गेले न जी." मी "बरं" म्हणालो आणि बाकावर बसलो. या वयात माणसं जाण्याची सवय होते म्हणतात... डोंबलाची सवय! नुसता थकवा येतो.

शालिक कंडक्टर, मी स्टँडवरचा कंट्रोलर. मुक्कामाच्या गाडीवर गेला की बाकीचे कंडक्टर कोंबडी कुठे मिळते ते शोधत. हा गावच्या बोडीतली, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातली, वाळलेली माती खरवडून आणी. लहानपणी धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यात त्यानं एक किडा पाहिला होता. पाठीवर ढालीसारखं टरफल, मागं दोन शेपट्या, पोटाखाली सारखी हलणारी पायांची झालर. नाव कुणालाच ठाऊक नाही, म्हणून हा त्याला ढालकिडा म्हणे. तो घरात वाढवायचा, हे त्याचं वेड. काचेचे तुकडे खिडकीला लावतात त्या लांबीनं जोडून त्यानं पेटी केली, पण पहिली दोन वर्षं काहीच निघालं नाही. मी म्हणायचो, "काहून मातीले पाणी पाजून राहिला बे?" मग त्याच्या ध्यानात आलं की तो माती ओलीच ठेवत होता. ती आधी उन्हात कडकडीत वाळावी लागते, तेव्हा पाण्यात अंडी फुटतात. "आणि सारी एकदम नाही फुटत, बापू. काही मातीतच मागं राहतेत, पुढच्या पाण्यात फुटतेत," असंही तो सांगे.

आणीबाणी उठली त्या वर्षी त्याच्या स्वतःच्या गावची बोडी बुजवून वरून रस्ता गेला. त्याआधी त्यानं तिथली पायलीभर माती आणून ठेवली होती, ती सगळी पेटीत घातली. तिसऱ्या दिवशी पाण्यात ठिपके हलू लागले. बाप्पा, काय आनंद त्या माणसाचा! कोंड्याची चिमूट टाकायची, सकाळी तरंगणारी कात बोटानं उचलून दाखवायची. "आमची बोडी आता एवढीच उरली. यायनं अंडी टाकली की पेटी वाळवतो, पुढच्या साली पुन्हा काढतो," म्हणायचा.

तेवढ्यात त्याचे सासरे वारले. बायकोपोरांना घेऊन निघताना त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. "पाणी कमी झालं तर मागच्या रांजणातलं पावसाचं टाकजो. विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतेत, ते नको." मी हो म्हणालो. तिसऱ्या दिवशी ड्युटीवरून पाय ओढत तिथे गेलो. पाणी अर्ध्यावर आलं होतं. रांजण मागच्या अंगणात, तिथे घोटाभर चिखल, विहीर दारातच. मी एक बादली ओढली आणि ओतली. आळस, दुसरं काय!

सकाळी सगळे तळाशी पडले होते. अंडी टाकायची राहूनच गेली.

शालिक आल्यावर मी म्हणालो, "गर्मीनं गेले रे." त्यानं पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. "हो, गर्मी लयच होती," म्हणाला आणि वहिनींना चहा ठेवायला सांगितला. पेटी माळ्यावर गेली. पुन्हा का काढत नाहीस, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला बोलावं लागलं असतं. त्यानंतर इतकी वर्षं आम्ही रोज सोबत चहा प्यालो, रिटायर झाल्यावरही. रोज वाटायचं, आज सांगू...

तेरवीनंतर कौशल्यावहिनींनी ती पेटी आणि एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. "हे तुमालेच द्याचं म्हणत होते. मले तं खताची माती वाटली." आत त्याच पेटीतली माती होती, वाळवून, चाळून ठेवलेली. झाकणावर तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला त्याच्या अक्षरात लिहून चिकटवलं होतं, "बापू, या वेळी रांजणातलंच टाकजो."

मला तिथे वहिनींसमोर रडू आवरलं नाही.

पेटी आता माझ्या ओसरीत आहे. शेजारच्या रांजणात पावसाचं पाणी भरून ठेवलंय, वर फडकं बांधलंय. रोज सकाळी डबा उघडतो आणि पुन्हा लावतो. या वेळी हातून चुकलं, तर "गर्मी लयच होती" म्हणायला शालिक नाही.