वेलीला वळसा

मी आज जो काही आहे, तो दांडी गावच्या हिरूकाकीमुळे. तिच्या दारापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, पण ती कधी सरळ किनाऱ्यावर गेली नाही. डोक्यावर मासळीची पाटी असली तरी दारासमोरच्या वाळूच्या उंचवट्याला लांब वळसा घालूनच जायची. उंचवट्यावर मर्यादवेल पसरली होती, आणि वेलीवर पाय द्यायचा नाही हा तिचा नियम.

आम्ही डोंगरपट्ट्यातले. भातकापणी संपली की बाबा काकीच्या बोटीवर खलाशी म्हणून यायचे. मला बोईसरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा काकीच त्यांना म्हणाली, "पोराला माज्या पडवीत ठेव. रोज डोंगरातनं येऊन तो शिकंल, का यष्टीत झोपंल?" तीन वर्षं मी तिथे राहिलो, तिच्या हातचं जेवलो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला.

खाडीकडच्या खाजणात, भरतीच्या खाऱ्या चिखलात, मोरस उगवायची. काकी तिची भाजी मीठ न घालता करायची, कारण मोरस मुळातच खारट. पण खुडायची ती फक्त शेंडे. मी एकदा मुळासकट उपटली, तर म्हणाली, "भाजी खायाला आलास का खाडी खायाला? चिखल कोन धरंल मग, तुजा बाप?" खरंच, भरतीचा गाळ त्या झाडोऱ्यातच बसायचा आणि जमीन बोटबोट वर यायची.

तिची सून सुमनवहिनी मात्र वेलीला वैतागलेली. वाळूत जवळा वाळत घालायला जागा उरत नाही, पाला मिसळतो, अशी तिची रोजची कुरकूर. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात एका दुपारी काकी बाजाराला गेली होती, वहिनी आत झोपली होती. वहिनीला बरं वाटेल म्हणून मी दारासमोरची सगळी वेल उपटून टाकली.

काकी परतली. "कोनी काडली?"

"मी नाय, आय," वहिनी म्हणाली.

"मग दर्या येऊन काडून गेला?"

मी बाजूलाच उभा होतो. पडवी सुटली तर कॉलेज सुटेल, एवढंच डोक्यात आलं. वहिनीकडे न बघता मी काकीची रिकामी पाटी आत नेऊन ठेवली.

त्या पावसाळ्यात उधाणाने उघडी वाळू ओढून नेली. पाणी चुलीपर्यंत आलं. "हिच्या जवल्यापायी दर्या घरात आला," हे वहिनीने पुढे वर्षानुवर्षं काकीकडून ऐकलं.

पावसानंतर काकीने मला बरोबर घेऊन लांबच्या किनाऱ्यावरून वेलीचे तुकडे आणले. "गाठ वालूत, शेंडा वर," ती शिकवत होती. "वारा वालू आनतो, येल ती ठेवून घेते. गाडली तरी मरत नाय, वर येते, आनी परत धरते. मग गवत येतं, मग झुडपं. आदी येल, मग बाकीची." वेल पुन्हा रुजली. उंचवटा मात्र पहिल्याइतका व्हायला कितीतरी वर्षं लागली.

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं हेच विचारलं, वाळूची टेकडी कशी तयार होते? मी काकीने शिकवलेलं सगळं सांगितलं. "कुठे वाचलंस?" सर खूश होऊन म्हणाले. "पाहिलंय, सर," मी म्हणालो. तिथेही तिचं नाव घेतलं नाही.

आता मी पालघरला वनस्पतिशास्त्र शिकवतो. परवा मुलांना मर्यादवेल शिकवताना काकीचेच शब्द तोंडात आले, "आदी येल, मग बाकीची." घरी येऊन काकीला फोन लावला, पण नुसती खुशाली विचारून ठेवून दिला. मग पत्र लिहिलं. काकीला वाचता येत नाही. तिची पत्रं वहिनीच वाचून दाखवते, तीही अंगणात, मासळी निवडणाऱ्या बायकांच्या देखत. हे मला लिहिताना माहीत होतं.

"तीर्थस्वरूप हिरूकाकीस साष्टांग नमस्कार.

दारासमोरची ती वेल मी उपटली होती. वहिनी खरं बोलत होती. तू मला घराबाहेर काढशील या भीतीने मी गप्प राहिलो, आणि तुझ्याच शिकवण्यावर पास झालो. इतकी वर्षं वहिनीला जे बोललीस, ते माझ्या वाट्याचं होतं. आता मला बोल. रविवारी येतो आहे.

वहिनी, इथे थांबू नकोस. पुन्हा पहिल्यापासून वाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं."