शटर पाडताना हाक मारायची नाही

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या चर्चमधल्या बायका असलं काही सांगू लागल्या की मी चहा टाकायला उठते. तरी हे लिहितेय... कारण हे माझ्याच बाबतीत घडलं.

२००७-०८ चा सुमार. भिवंडीजवळ दापोड्याला एका गोडाऊनमध्ये मी पॅकिंगची सुपरवायझर होते. संध्याकाळी शटर पाडण्याआधी आत कोणी राहिलं नाही ना, हे बघायचं माझं काम. पण तिथे हाक मारायची पद्धत नव्हती. वॉचमन मामा काठीनं शटर बडवायचे, बस. मामा गावातलेच, गोडाऊनच्या जागी पूर्वी त्यांचीच भातशेती होती.

"हाक का नाही मारत, मामा?"

"ओ येते आतून, म्हनून."

मला हसू आलं. त्याच संध्याकाळी मी मुद्दाम ओरडले, "कोणी राहिलंय का आत?"

"हाय... थांबा."

आवाज मागच्या खोक्यांमधून आला. आणि आमच्या सगळ्या पोरी तर माझ्या पाठीशी उभ्या होत्या! त्या दिवसापासून मी हाक मारणं सोडलं. घरी कपाट उघडतानाही मागे वळून बघायला लागले. नवऱ्याला सांगायची लाज वाटायची.

मग एकदा लोडशेडिंगमध्ये, शटर बडवून झाल्यावर, दाराशी चपलांचा एक जोड उरला. आमच्या पॅकिंगमधल्या शकीलाचा. बाकीच्या पोरी स्टॉपवर निघून गेल्या होत्या.

"मी न्हाय जानार आत," मामा म्हणाले. "तुमीपन हाक मारू नका."

पण त्या काळोखात शोधणार कशी? मी मोबाइलचा टॉर्च लावून आत गेले आणि हाक मारलीच. "शकीला!"

"हाय... थांबा." आवाज शकीलाचाच, डावीकडून. लगेच पुन्हा, उजवीकडून.

पण शकीला तर माझ्याशी कधीच मराठीत बोलत नसे. मला पळून जावंसं वाटलं, अगदी खरं सांगते. पण पोरगी आत होती. मुलीला झोपवताना म्हणायचे ती प्रार्थना मी मोठमोठ्यानं सुरू केली — "प्रभू येशू, तू पुढे चल, मी मागे येते..." भीती गेली नाही, पण पाय चालू लागले. तो आवाज दोन्ही बाजूंनी माझ्यासोबत येत राहिला. मग हळूहळू थांबला.

शेवटच्या रांगेत खोकी कोसळली होती. खाली शकीला, बेशुद्ध, डोक्यातून रक्त येत होतं. मी एकेक खोकं ओढायला लागले, प्रार्थना तोंडात चालूच. माझा आवाज ऐकून मामाही धीर करून आत आले. दोघांनी मिळून तिला खोक्यांखालून बाहेर ओढलं. मी "आमेन" म्हटलं.

"आमेन." काळोखातून कोणीतरी हळूच म्हणालं.

मामांच्या हातातली काठी खाली पडली. मागे फक्त भिंत होती, दार नव्हतं.

शकीला दवाखान्यातून बरी होऊन आली. "मॅडम, मेरे को तो कुछ याद नहीं," एवढंच म्हणाली. त्या गोडाऊनमध्ये नंतर कधी ओ आली नाही. मी स्वतः हाक मारून बघितली.

तो कोण होता, कशाला थांबला होता, मला आजही सांगता येत नाही. रात्री सगळ्यांची नावं घेऊन झाली की प्रार्थनेत मी जरा थांबते. त्याचं नाव मला माहीत नाही, तरी त्याच्यासाठी मागते. आणि "आमेन" म्हटल्यावर, इतक्या वर्षांनीही, कान देऊन ऐकते.